पुतळीची पाठ

ऑनलाइन दागिने विकणाऱ्यांकडे सध्या ‘पेशवाई पुतळी हार’ उदंड दिसतो. खालचा मजकूर ठरलेला असतो: शंभर-सव्वाशे वर्षांचा, कोकणातल्या जुन्या घरातला, एकच नग. घर कधी पेणचे असते, कधी रोह्याचे. काळ्या मखमलीवर मांडलेला हार, वरून सोडलेला पिवळा उजेड, खाचांत भरलेला काळसरपणा आणि सगळ्या पुतळ्यांची तोंडे एका दिशेला. ज्याने जुनी पुतळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आहे, तो या फोटोतल्या सोन्याकडे नंतर वळतो. आधी त्याला खटकते ती शिस्त.

पुतळी हे मुळात नाणे आहे, तेही परदेशी. व्हेनिसने 1284 साली डुकाट नावाचे सोन्याचे नाणे पाडायला सुरुवात केली. वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास, सोने जवळजवळ शंभर नंबरी. 1797 मध्ये नेपोलियनने ते प्रजासत्ताक बुडवले, तोवरच्या पाचशे वर्षांत या नाण्याचे रूप आणि कस फारसे बदलले नाहीत. आपल्याकडच्या कापडाची आणि मिरीची किंमत पश्चिमेचे व्यापारी बरीचशी सोन्याचांदीत चुकवत, आणि त्या ओघात हे डुकाट आपल्या किनाऱ्यावर उतरले. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथेच रेवदंडा आणि चौल. पोर्तुगीज अमलात गजबजलेले हे बंदर रोह्याच्या माणसाला परके नव्हते. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची यादी आहे, तिच्यातही पुतळी आहे. नाणे म्हणून ती तिजोरीत होती आणि कडी झाळून गळ्यातही होती. अडीअडचणीला माळेतली एक पुतळी उसवून मोडायची आणि बरे दिवस आले की दुसरी ओवायची, ही सोय इतर डागांत नव्हती.

आता एक पुतळी जवळून पाहू. व्हेनिसच्या मूळ नाण्यावर डाव्या हाताला संत मार्क उभा असतो. उजवीकडे गुडघे टेकलेला डोज, म्हणजे तिथला राज्यप्रमुख. दोघांच्या मध्ये निशाणाची उंच काठी आणि काठीला लागून वरून खाली तीन रोमन अक्षरे. पाठीवर लंबगोल चौकटीत ख्रिस्त, त्याच्या भोवती तारे. नाण्यावर साल नसते, ते कोणत्या काळातले हे डोजच्या नावावरून ओळखायचे.

मागणी वाढली तसे आपल्याकडचे सोनार हेच नाणे पाडू लागले, आणि माझ्या मते खरी गंमत इथून पुढे आहे. त्यांना ती लिपी वाचायची नव्हती, तिचे दिसणे तेवढे हवे होते. अक्षरांच्या उभ्या रेघा राहिल्या, आडव्या गळाल्या. कडेचा मजकूर काड्यांची झालर झाला, तारे टिंबे झाले. संताच्या आणि डोजच्या अंगावरचा झगा चार-सहा समांतर रेघांत आटोपला. काठी मात्र कोणी सोडली नाही, कारण सगळी रचना तिच्यावर तोललेली आहे हे सोनाराच्या नजरेने बरोबर हेरले होते. पाहणाऱ्यांना त्या दोन आकृतींत राम-सीता दिसू लागली आणि व्हेनिसचा संत आमच्या देवघराच्या आसपास येऊन बसला.

अशी देशी पुतळी ‘नकली’ म्हणून बाजूला सारणारा जाणकार मला अर्धाच जाणकार वाटतो. ती व्हेनिसची नाही हे खरे, पण तिची रेघ कोणाच्या तरी हातची आहे. भिंगाखाली पाहिले की काही काड्या खोल आणि काही उथळ दिसतात. टिंबे सारख्या अंतरावर नसतात. ठसा मध्यावर बसलेला नसतो, एका बाजूची झालर कडेबाहेर गेलेली असते. कॉम्प्युटरवर कोरलेल्या आजच्या ठशात अक्षरे एकतर चुकतच नाहीत, किंवा सगळ्या पुतळ्यांवर एकाच जागी चुकतात. अजाण हाताची चूक दर वेळी नवी असते, यंत्राची एकच चूक पुन्हा पुन्हा येते.

हे पेणच्या माणसाला समजवावे लागू नये. तिथे एका साच्यातून शेकडो गणपती निघतात. साचा एकच म्हणून त्यांतली कोणतीही मूर्ती खोटी ठरत नाही, आणि बघणारा साचा न पाहता डोळ्यांची आखणी पाहतो. पुतळीचेही तसेच आहे.

एका पुतळीवरून नजर पूर्ण माळेकडे न्यावी. जुनी माळ पिढ्यापिढ्यांनी वाढवलेली आणि मोडलेली असते, म्हणून तिच्यात बहुधा सरमिसळ असते. एखादे नाणे खरेच व्हेनिसचे, बाकी देशी, एखादी पुतळी अलीकडे राम-सीतेचाच ठसा घेऊन घडवलेली. कड्याही वेगवेगळ्या हातच्या, कुठे जाड झाळ, कुठे नेटकी. सगळ्या पुतळ्या एका ठशाच्या आणि एका वजनाच्या असतील तर ती एका बैठकीत घडलेली माळ आहे. तीही सुंदर असू शकते, पण तिला तीन पिढ्यांची म्हणू नये. रेशमावरून मात्र काहीच ठरवू नये. पटवेकऱ्याकडून माळ दर काही वर्षांनी नव्याने गाठवून घेतलेली असते, त्यामुळे जुन्या सोन्याला नवा गोंडा हे दृश्य नेहमीचेच.

झिजेवरून यापेक्षा बरेच कळते. पुतळी गळ्यात असते तेव्हा तिची पाठ अंगाला आणि लुगड्याला घासते, म्हणून पाठ पोटापेक्षा गुळगुळीत हवी. कडीचे आतले वरचे टोक दोऱ्याने खाऊन बारीक झालेले हवे. शेजारची पुतळी जिथे टेकते तिथे दोन्ही कडांना चपटेपणा हवा. पोटाच्या बाजूला आधी झिजतात ते उंचवटे: संताचा चेहरा, डोजचा गुडघा. शंभर नंबरी सोने मऊ असते, त्यामुळे जुनी पुतळी क्वचितच सपाट राहते, कुठेतरी किंचित लवलेली असतेच. आणि असले सोने काळे पडत नाही. खाचांत मळ बसतो, पण तो कुठे दाट, कुठे विरळ, आणि धुतला की निघतो. फोटोतल्या हारावर सगळीकडे सारखा काळा रंग आणि चेहऱ्यावरचे नाक मात्र धारदार, असे दिसले तर ते वय नसून रंगकाम समजावे.

धातूची परीक्षा तुलनेने सोपी आहे. सोने पितळेच्या दुपटीहून जड. साडेतीन ग्रॅमच्या पुतळीच्या मापाची भरीव पितळी पुतळी दीड ग्रॅमच्या आसपास भरेल. म्हणून विकणाऱ्याला पूर्ण हाराचे वजन विचारू नये, एका सुट्या पुतळीचे वजन आणि व्यास विचारावा. मुलामा असेल तर उंचवट्यांवर खालचा लालसर किंवा फिकट धातू डोकावतो आणि कडीच्या बेचक्यात हिरवट कीट धरतो. सराफाच्या यंत्रावर कस पाहायचा तर पुतळीच्या मध्यावर पाहावा. झाळीत हिणकस असते, त्यामुळे कडीजवळ आकडा कमीच येणार. हॉलमार्कबद्दलही गैरसमज नको. आपल्याकडे सोन्याला हॉलमार्क 2000 साली आला, सहा अंकाक्षरी ओळख क्रमांक 1 एप्रिल 2023 पासून सक्तीचा झाला. हा शिक्का शुद्धता सांगतो, वय सांगत नाही.

अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या नवाहो लोकांच्या चांदीच्या आणि पिरोज्याच्या दागिन्यांचीही अशीच कथा आहे. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या कारागिरांनी अमेरिकन आणि मेक्सिकन चांदीची नाणी वितळवून दागिने घडवले. अडचणीत ते डाग व्यापाऱ्याकडे गहाण पडत, आणि ‘जुने गहाण’ हा शेरा आज तिथल्या बाजारात किंमत वाढवायला सर्रास लावला जातो. रंगवलेले पांढरे दगड पिरोजा म्हणून खपतात. अखेर 1990 मध्ये कायदा करून, आदिवासींनी न घडवलेली वस्तू त्यांची म्हणून विकणे तिथे गुन्हा ठरवले गेले. तिथले जाणकारही दागिना आधी उलटा करतात आणि पाठीमागची झाळ व पिरोज्याच्या कोंदणाची बैठक पाहतात.

आपल्याकडे 1972 चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे त्यात पुरावस्तू ठरते आणि असल्या वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. म्हणून ‘सव्वाशे वर्षांचा’ असे छातीठोक लिहिणाऱ्या व्यापाऱ्याला परवान्याचा क्रमांक जरूर विचारावा. बहुतेकदा हाराचे वय त्याच संभाषणात पन्नास-साठ वर्षांनी उतरते.

तेव्हा हिशेब सरळ ठेवावा. सोन्याचे पैसे वजनावर आणि कसावर द्यावेत. घडणीचे पैसे रेघ पाहून द्यावेत, आणि तिथे हात आखडू नये, कारण चांगली देशी पुतळी व्हेनिसच्या नाण्याइतकीच जपण्याजोगी आहे. पेण-रोह्याच्या जुन्या घराच्या गोष्टीला मात्र, विकणारा पुतळीच्या पाठीचा आणि कडीचा फोटो दिवसाउजेडी काढून पाठवत नाही तोवर, एक रुपयाही देऊ नये.