शाळेतील मौन आणि आपली प्रार्थना

बालाघाट जिल्ह्यातील उकवा हे मँगनीजच्या खाणीचे गाव. अशा खाणवस्तीत निरनिराळ्या धर्मांची कुटुंबे शेजारी नांदतात व त्यांची मुले सकाळी एकाच रांगेत प्रार्थनेस उभी राहतात. त्या रांगेतील ख्रिस्ती मुलाने काय करावे, असा प्रश्न धर्मशिक्षकास विचारला जातो. उत्तरादाखल आपण बहुधा एकच न्यायनिर्णय पुढे करतो : ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’. तो आपण नीट वाचला आहे काय?

१९८५ साली केरळात ‘यहोवाचे साक्षी’ या पंथातील तीन भावंडांना शाळेतून काढण्यात आले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, परंतु गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. भाषणस्वातंत्र्यात मौनाचाही समावेश होतो, आणि श्रद्धा प्रामाणिक असेल तर ती इतरांस पटो वा न पटो, तिला अनुच्छेद २५ चे संरक्षण आहे, असे न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी म्हटले. गाण्याची सक्ती करणारा कायदाही नव्हता. होती ती केवळ खात्याची परिपत्रके.

निर्णय थोर आहे. परंतु आपण त्यातून अधिक काढू पाहतो. तो मौनाला आश्रय देतो, शाळेत प्रचार करण्याला नव्हे. शिवाय तो राष्ट्रगीताविषयी आहे. प्रार्थनेचा विचार अनुच्छेद २८ च्या आधारे करावा लागतो. सर्वस्वी शासकीय निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण वा उपासना होत असेल, तर विद्यार्थ्याच्या, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकाच्या, संमतीवाचून त्यास तीत सहभागी करता येत नाही. केंद्रीय विद्यालयांतील प्रार्थनेस जबलपूरच्या एका वकिलाने आव्हान दिले, तेव्हा जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी तो प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असे ठरविले. यावरून तो किती अवघड आहे हे दिसते.

परंतु आमची खरी टीका न्यायालयावर नसून आपल्यावरच आहे. संमतीची अट मिशनच्या शाळांनाही लागू आहे. अनुच्छेद ३० ने आपणांस शाळा चालविण्याचा हक्क दिला, म्हणून ती अट नाहीशी होत नाही. आपल्या शाळेत प्रभूची प्रार्थना म्हणणाऱ्या हिंदू, मुसलमान वा गोंड मुलाच्या पालकांना आपण कधी विचारले आहे काय? आपल्या मुलासाठी जी मोकळीक मागावयाची, ती दुसऱ्याच्या मुलास नाकारावयाची, हे मत्तय ७:१२ शी कसे जुळते? दटावून जोडलेल्या हातांत उपासना नसते, हे तर आपणच शिकवितो.

म्हणून पाळकांनी दोन गोष्टी कराव्यात. शासकीय शाळेतील आपल्या मुलांस आदराने, कोणाची चेष्टा न करता, स्तब्ध उभे राहावयास शिकवावे, आणि पालकांकरवी मुख्याध्यापकांस तसे लेखी कळवावे. आणि आपल्या शाळेत प्रवेशाच्या वेळीच पालकांची संमती लेखी घ्यावी. ती न मिळाल्यास त्या मुलास कमी लेखू नये. दानीएलाचे तीन मित्र राजाच्या मूर्तीपुढे निमूटपणे उभेच राहिले. त्यांची गोष्ट सांगणाऱ्या मंडळीने स्वतःच्या अंगणात राजाची भूमिका घेऊ नये.