नाट्यबाहुल्या आणि वेषाचे व्याकरण

नाट्यपात्रांच्या जुन्या वेषबाहुल्यांचा संग्रह हा बहुधा केवळ हौसेचा विषय समजला जातो. अशा संग्रहाच्या नोंदींत निर्मात्याचे नाव, साल, बाहुलीची उंची व कापडाची अवस्था एवढेच येते. ही माहिती आवश्यक आहे. परंतु तिच्यात एक मूलभूत प्रश्न राहून जातो. नाटकातील पात्र संवादाने व कृतीने घडते. बाहुली तर बोलत नाही व चालतही नाही. मग ती अमुक पात्राची आहे, हे आपण कशावरून म्हणतो? प्रश्न चिन्ह व अर्थ यांच्या संबंधाचा असल्याने भाषेच्या अभ्यासकाने त्याकडे पाठ फिरवू नये.

बीअॅट्रिस अलेक्झांडर यांनी 1923 मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापिलेल्या ‘मादाम अलेक्झांडर’ कंपनीने 1953 पासून आठ इंची बाहुल्यांची मालिका काढली. 1955 मधील रोमिओ-ज्युलिएट ही जोडी त्याच मालिकेतील. चेहरा व शरीर एकाच साच्याचे. पात्रभेद दाखविला आहे तो वेष व केस यांनी. एक ध्वनी बदलून अर्थभेद तपासण्याच्या आपल्या रीतीची येथे आठवण होते. पण साम्य तेवढ्यापुरतेच. ज्युलिएटचा असा निश्चित वेष शेक्सपिअरच्या रंगभूमीने ठरवून दिलेला नाही. प्रत्येक प्रयोग तो नव्याने ठरवितो. त्यामुळे ही बाहुली जुन्या यूरोपातील कोणीही कुलीन तरुणी ठरू शकते. तिला ज्युलिएट करते ती मनगटाची चिठ्ठी, किंवा शेजारी उभा असलेला रोमिओ.

जपानी काबुकीच्या बाहुल्यांची गोष्ट निराळी आहे. काबुकीत वेषाला स्वतःचे व्याकरण आहे. लांब बाह्यांचा तांबडा किमोनो व रुपेरी फुलांचे शिरोभूषण दिसले की ती ‘आकाहिमे’, म्हणजे तांबडी राजकन्या, हे प्रेक्षक जाणतो. पण हे जातिवाचक नाम झाले. तिच्या हाती पांढऱ्या लांब केसांचे शिरस्त्राण आले, की ती 1766 मध्ये ओसाका येथे प्रथम सादर झालेल्या ‘होन्चो निजूशिको’ या नाटकातील याएगाकीहिमे होते. प्रियकर कात्सुयोरी याला संकटाची सूचना देण्यासाठी सुवा देवस्थानाचे ते शिरस्त्राण घेऊन ती निघते, तो क्षणच बाहुलीत स्थिरावला आहे. येथे वेष सामान्यनाम आहे व हातातील वस्तू विशेषनाम. हे नाटक मुळात कळसूत्रांच्या नव्हे, तर हातांनी चालविल्या जाणाऱ्या बाहुल्यांच्या रंगभूमीचे. तेथून ते नटांकडे गेले व पुन्हा काचपेटीतील बाहुलीत आले. खांद्यावरील कावडीला दोन बादल्या असलेली ‘शिओकुमी’, म्हणजे खारे पाणी वाहणारी, हीदेखील अशीच वस्तूने ओळखली जाते.

कोणी म्हणेल, अशा संकेताने पात्राचा ठसा उरतो, व्यक्ती उरत नाही. आक्षेप निराधार नाही. याएगाकीहिमेच्या मनातील खळबळ शिरस्त्राणात मावत नाही. तथापि ज्युलिएटच्या बाहुलीत तरी ती कोठे आहे? तेथे सारा भार प्रेक्षकाच्या स्मरणावर आहे. येथे निदान प्रसंग तरी हाती लागतो.

यातून संग्राहकाचे कर्तव्य स्पष्ट होते. नवी दिल्ली येथे शंकर पिल्ले यांच्या प्रयत्नांतून 1965 मध्ये उघडलेल्या आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालयात काबुकी व नो नाट्याच्या जपानी बाहुल्या आहेत आणि कथकळीच्याही आहेत. अशा संग्रहात किमोनोचा रंग विटला तर सौंदर्याची हानी होते. शिरस्त्राण हरवले तर मात्र नावच जाते आणि याएगाकीहिमे पुन्हा नुसती तांबडी राजकन्या होते. ज्युलिएटच्या बाबतीत तेच मोल कागदाच्या चिठ्ठीला आहे. म्हणून सुटी वस्तू, चिठ्ठी व खोके यांची नोंद बाहुलीइतक्याच काळजीने व्हावी. हरवलेल्या वस्तूच्या जागी तर्काने दुसरी बसविणे हा पोथीतील प्रक्षेपासारखाच दोष होय. रिकामा हात निदान खोटे बोलत नाही.