आयाहुआस्का आणि तिची प्रतिरूपे : एका संज्ञेची चिकित्सा

जोनाथन ऑट ह्यांचा ‘आयाहुआस्का ॲनालॉग्ज’ हा छोटेखानी ग्रंथ १९९४ साली प्रसिद्ध झाला. ॲमेझॉनच्या खोऱ्यात विधिप्रसंगी घेतल्या जाणाऱ्या आयाहुआस्का ह्या पेयाचा प्रभाव ज्या दोन प्रकारच्या द्रव्यांवर अवलंबून असतो, ती जगातील इतर अनेक वनस्पतींतही सापडतात. तेव्हा अशा वनस्पतींच्या जोड्या जुळवून त्याच जातीचे पेय कोठेही सिद्ध करता येईल, असे त्याचे मुख्य प्रतिपादन आहे. रसायनशास्त्राच्या अंगाने त्यात खोट काढण्याजोगे फारसे नाही. विवेचन अडखळते ते संज्ञेपाशी. ‘प्रतिरूप’ म्हटले की मूळ रूप कोणते, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो, आणि ग्रंथाने तो सुटलेलाच गृहीत धरला आहे.

‘आयाहुआस्का’ हा केचुआ भाषेतील सामासिक शब्द. ‘आया’ म्हणजे मृत मनुष्य, प्रेत अथवा मृतात्मा. ‘हुआस्का’ म्हणजे दोर, आणि त्यावरून वेल. हे नाव प्रथम वेलीचे आहे, वनस्पतिशास्त्रात जिला बॅनिस्टेरिऑप्सिस कापी म्हणतात तिचे. पेयाला ते वेलीवरून मिळाले. त्या पेयात पुष्कळ ठिकाणी जे पान घालतात, त्याचे नाव ‘चाक्रूना’. मिसळणे ह्या अर्थाच्या केचुआ धातूपासून ते साधले आहे. म्हणजे वेलीला तिच्या सामर्थ्यावरून नाव आणि पानाला केवळ त्याच्या कामावरून : ते ‘मिसळण’ आहे. नावे ठेवणाऱ्यांच्या मनात प्रधान काय आणि गौण काय, ह्याची इतकी स्वच्छ साक्ष शब्दांतून क्वचितच मिळते.

परंपरा एकजिनसी होती, असे मात्र ह्यावरून समजू नये. १८५२ साली वाऊपेस नदीच्या काठी रिचर्ड स्प्रूस ह्यांनी जे ‘कापी’ पाहिले, ते शिजवलेले नव्हतेच. वेलीचे खोड उखळात पाण्याबरोबर कुटून, कधी दुसऱ्या एका वनस्पतीची थोडी बारीक मुळे घालून, गाळून ते पीत. इतरत्र ते तासन् तास उकळतात. कोलंबियात त्याला ‘याहे’ म्हणतात, आणि तेथे चाक्रूनाच्या जागी डिप्लोप्टेरिस कॅब्रेराना ह्या दुसऱ्याच वेलीची पाने वापरतात. शुआर लोकांत ते ‘नातेम’ होते. पाने बदलतात, कृती बदलते, काही ठिकाणी पाने नसतातही; वेल तेवढी राहते. रायमुंदो इरिनेउ सेर्रा ह्यांनी १९३० साली ब्राझीलच्या आक्रे प्रदेशात स्थापिलेल्या ‘सांतो दाइमे’ पंथाने पेयाचे नावच बदलले. ‘दाइमे’ म्हणजे पोर्तुगीज भाषेत ‘मला दे’. एक आज्ञार्थी क्रियारूप नाम होऊन बसले. त्याच पंथात पानाला ‘राणी’ हे नाव मिळाले, हेही लक्षणीय आहे. मिसळणीचा दर्जा वाढला तो पंथाच्या हातून, प्रयोगशाळेच्या नव्हे.

प्रयोगशाळेने प्रथम वेलीचाच शोध घेतला. तिच्यातील द्रव्याला कोलंबियातील संशोधकांनी ‘टेलिपथीन’ म्हटले, लुईस लेविन ह्यांनी ‘बॅनिस्टेरीन’. पुढे ही सारी द्रव्ये एकच असून ते १८४७ सालीच हरमलाच्या बियांतून वेगळे काढलेले हार्माइन आहे, असे निष्पन्न झाले, आणि अग्रक्रमाच्या नियमाने ते जुने नाव कायम राहिले. १९६७-६८ च्या सुमारास होल्मस्टेट व लिंडग्रेन ह्यांनी मांडलेल्या उपपत्तीने पारडे फिरले. पानातील डीएमटी हे द्रव्य नुसते गिळले तर शरीरातील एक विकर त्याचा नाश करते. वेलीतील हार्माइन त्या विकराला आवरते. १९८४ साली मकेन्ना, टॉवर्स व ॲबट ह्यांनी प्रयोगांनी ह्या विचाराला बळकटी आणली. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर केचुआ नावात जी वेल कर्त्याच्या जागी होती, ती आता करण झाली, आणि कर्तेपण पानाकडे गेले.

ऑट ह्यांचा ग्रंथ ह्या दुसऱ्या वाक्यावर उभा आहे, पण नाव पहिल्या वाक्यातून घेतो. शुद्ध द्रव्यांच्या पुड्यांना ‘फार्माहुआस्का’ हे जे नाव मिळाले, त्यात ‘आया’ गळून ‘हुआस्का’ उरली आहे. म्हणजे जेथे दोर नाही तेथेच दोराचा शब्द टिकला! ईशान्य ब्राझीलमधील ‘जुरेमा’ ह्या झाडाच्या सालीपासून होणाऱ्या पेयाला तर स्वतःची स्वतंत्र परंपरा आहे. त्या झाडाला प्रतिरूपाच्या यादीत केवळ डीएमटीचा पुरवठेदार म्हणून बसवणे हा त्या परंपरेवर अन्याय होय. हरमलाची गोष्ट त्याहून विचित्र. इराणपासून काश्मीरपर्यंत धुपासाठी जाळल्या जाणाऱ्या ह्या बिया येथे वेलीचा पर्याय ठरतात. पण वेलीतील द्रव्याचे नाव हरमलावरूनच पडलेले आहे. त्यातही हरमलात हार्मालीन पुष्कळ, तर वेलीत ते अल्प. दोन्ही सर्वस्वी एकरूप नाहीत.

प्रतिनिधीचा प्रश्न भारतीय अभ्यासकाला नवा नाही. सोम न मिळाल्यास पूतीक घ्यावा, असे ब्राह्मणग्रंथ सांगतात, आणि मीमांसकांनी सहाव्या अध्यायात प्रतिनिधीचा स्वतंत्र विचार केला आहे. तेथे पूतीक हा पूतीकच राहतो; तो कशाच्या जागी आला आहे, हे विसरले जात नाही. व्यवहारात विसर पडतो, हेही खरे. पुण्यात संस्कृतचे अध्यापन करणाऱ्या मार्टिन हाउग ह्यांनी १८६३ च्या ऐतरेय ब्राह्मणाच्या आवृत्तीत नमूद केले आहे, की दख्खनचे ऋत्विज ज्या वनस्पतीचा रस काढतात ती वेदांतील सोम नव्हे. रस त्यांनी स्वतः चाखला होता. चार-दोन चमच्यांपलीकडे तो त्यांना घेववला नाही.

ही चिकित्सा निव्वळ शब्दांची नाही. ब्राझीलने २०१० साली धार्मिक वापराचे नियम केले, तेव्हा पेयाची व्याख्या वेल आणि चाक्रूना ह्या दोन वनस्पतींनी केली. अमेरिकेत २००६ साली सर्वोच्च न्यायालयात जो वाद निकाली निघाला, तो डीएमटी ह्या एका द्रव्यावरून उभा राहिला होता. एकाच पेयाला दोन देशांनी दोन व्याख्या लावल्या. पिणाऱ्याच्या शरीराचाही संबंध येतो. विकराला आवरणारी द्रव्ये नैराश्यावरील काही औषधांबरोबर पोटात गेल्यास जिवावर बेतू शकते. आणि जुन्या नावाच्या भरवशावर नवे मिश्रण घेणाऱ्याला पथ्य सांगणारा जाणता मनुष्य नावाबरोबर मिळत नाही. ऑट ह्यांनी आपल्या मिश्रणांना त्यांच्या घटकांचीच नावे दिली असती, तर ग्रंथातील रसायनाला त्याने काहीच बाधा आली नसती.