एसाशी ओइवाके : जतन आणि प्रमाणीकरण

जपानच्या होक्काइदो बेटाच्या नैर्ऋत्येस एसाशी नावाचे बंदर आहे. तेथे ‘ओइवाके काइकान’ हे एकाच लोकगीताला वाहिलेले छोटेसे संग्रहालय १९८२ साली उभे राहिले.

‘ओइवाके’ म्हणजे वाटा फुटण्याची जागा. आसामा पर्वताच्या पायथ्याशी या नावाचा एक जुना मुक्काम आहे. तेथील लमाणी घोडेवाल्यांचे गीत एचिगो प्रांतातून जहाजांबरोबर उत्तरेस गेले व हेरिंग मासळीच्या व्यापाराने संपन्न झालेल्या एसाशीत रुजले, असे सामान्यतः मानले जाते. पुढे मासळी आटली, गलबतेही गेली. गीत मात्र राहिले. हे गीत तालात बांधलेले नाही. मुख्य गीताचे सात खंड असून प्रत्येक खंड एकाच दमात गावयाचा असतो. शाकुहाची ही बांबूची बासरी गळ्याचा माग घेत जाते. फुमिओ कोइझुमी या संगीतशास्त्रज्ञाने मुक्त लयीच्या जपानी लोकगीतांच्या अवघ्या वर्गालाच ओइवाकेचे नाव दिले, यावरून त्याचे स्थान ध्यानी यावे.

संग्रहालयाचे खरे वैशिष्ट्य काचेच्या कपाटांत नव्हे, तर गायनाच्या दालनात आहे. तेथे गीत ऐकविले जाते आणि शिकविलेही जाते. परंतु शिकवावयाचे ते कोणते? विसाव्या शतकाच्या आरंभी निरनिराळ्या गायनपरंपरांतून एक प्रमाण रूप सिद्ध करण्यात आले, आवाजाचे चढउतार व कंप दाखविणारे रेषांकन रूढ झाले, आणि १९६३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेने त्या रूपावर शिक्कामोर्तब केले. स्पर्धेत केवळ मुख्य गीत गातात. त्याच्या आधीचे व नंतरचे गीत बाहेरच राहते. नावाड्याचा गळा निराळा, मेजवानीतील गायिकेचा निराळा. परीक्षकांपुढे हा निराळेपणा दोष ठरण्याचा संभव अधिक. जतनाची ही किंमत लहान नव्हे.

तथापि दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवना’त जात्यावरील ओवीचे शब्द मुबलक आले, पण गळा छापील पानावर उतरला नाही. एसाशीने नेमका गळाच धरून ठेवला. एका रूपाचा का होईना, पण श्वास कोठे घ्यावयाचा आणि स्वर कोठे थरथरवायचा, हे तेथील विद्यार्थ्याला आजही गुरूसमोर बसून शिकता येते. ओवीच्या अभ्यासकाला हाच प्रश्न घरोघरच्या गळ्यांकडे जाऊन सोडवावा लागतो, आणि जाते तर बहुतेक घरांतून केव्हाच उठले आहे.