संगणकातील गिटार आणि तोडीचा गांधार

तंजावरला बदली झाल्यापासून इलेक्ट्रिक गिटार मोठ्याने वाजविण्याची सोय उरली नाही. सरकारी क्वार्टरच्या भिंती किती जाड असतात, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. अ‍ॅम्प्लिफायर विकला आणि त्याचे काम संगणकातील सॉफ्टवेअरवर सोपविले. गिटारचा कोरडा विद्युत्-संकेत तेवढा मुद्रित करावयाचा. मग व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर, लाकडी पेटीतील स्पीकर व त्यापुढील मायक्रोफोन यांचा परिणाम गणिताने त्यावर चढवावयाचा, असा हा व्यवहार आहे. १९९८ साली आलेल्या 'अ‍ॅम्प फार्म'नंतर तो ध्वनिमुद्रणगृहांत रुळत गेला. आज अनुकरण इतके हुबेहूब साधते की, खरेखोटे ओळखण्याची पैज मी तरी घेणार नाही.

तेव्हा हा नाद कृत्रिम आहे, हा नेहमीचा आक्षेप मला पटत नाही. १९५८ मध्ये लिंक रे याने 'रम्बल'साठी स्पीकरच्या पडद्यास पेन्सिलीने भोके पाडली होती. जेथे अस्सलच बिघाडातून जन्मले, तेथे नकलेस नावे का ठेवावी? शिवाय परक्या वाद्याचा या गावास विटाळ नाही. दुसऱ्या सरफोजींच्या दरबारातील वडिवेलूंनी व्हायोलिन कर्नाटक संगीतात आपलेसे केले.

माझी तक्रार निराळी आहे. सॉफ्टवेअरमुळे नादाची निवड वादन संपल्यावर करता येते. हात मात्र वाजविताना कानी पडणाऱ्या नादासच उत्तर देत असतो. फाटलेल्या नादात स्वर लांबतो, म्हणून त्यावर गमक सावकाश फिरविता येते. गेल्या वर्षी मी कर्नाटक तोडीचा आलाप असा मुद्रित केला आणि आठवड्याने, भारदस्त वाटेल म्हणून, त्यावर स्वच्छ नाद चढविला. गांधाराचे आंदोलन पुरे होण्याआधीच स्वर विझू लागला. वाजविणारा कोणी दुसराच असावा, असे वाटले! स्पीकरच्या गजराने तार पुन्हा थरारून उठते, तो अनुभव तर हेडफोन लावून बसलेल्यास मुळीच नाही.

येथील एकांड वीणा फणसाच्या एकाच लाकडातून कोरतात. कोरून झाल्यावर तिची नादपेटी बदलता येत नाही. वैणिक त्या एका नादाशी वर्षानुवर्षे हात जुळवीत बसतो. माझ्या सॉफ्टवेअरच्या यादीत मात्र नादांची रेलचेल आहे आणि एकाशीही माझी ओळख नाही.

सध्या मी नाद आधी ठरवितो आणि कोरडे ध्वनिमुद्रण मागे ठेवीत नाही. तोडी पुन्हा वाजविली आहे. गांधार अजून मनासारखा लागलेला नाही.