करसवलत आणि शालेय समता : फिशेल यांच्या सिद्धान्ताचे परीक्षण

शाळांच्या समतेसाठी दिलेल्या न्यायनिर्णयानेच कॅलिफोर्नियातील करविरोधी बंडास जन्म दिला काय, असा प्रश्न अर्थशास्त्रज्ञ विल्यम फिशेल यांनी १९८९ मध्ये उपस्थित केला आणि त्याचे उत्तर होकारार्थी दिले. हे प्रतिपादन चतुर आहे. परंतु ते संपूर्णपणे ग्राह्य वाटत नाही.

सेरानो खटल्याच्या १९७१ च्या निर्णयातील आकडे बोलके आहेत. बाल्डविन पार्क येथे दर मुलामागे करपात्र मूल्य ३,७०६ डॉलर, तर बेव्हर्ली हिल्स येथे ५०,८८५ डॉलर होते. पहिल्या गावचे रहिवासी शंभर डॉलर मूल्यामागे ५.४८ डॉलर शालेय कर देत, आणि तरीही त्यांच्या मुलांवर दरडोई ५७७ डॉलरच खर्च होई. दुसऱ्या गावी २.३८ डॉलर करात १,२३२ डॉलर खर्च होत असे. ही व्यवस्था घटनाबाह्य असल्याचा निर्वाळा १९७६ मध्ये कायम झाला.

फिशेल यांचे म्हणणे असे की, कर आणि गावची शाळा यांतील दुवा तुटताच घरमालकास कर भरण्यात स्वारस्य उरले नाही. म्हणूनच १९७२ पर्यंत करमर्यादेचे प्रस्ताव फेटाळणाऱ्या मतदारांनी १९७८ मध्ये १३ वा प्रस्ताव स्वीकारला. तथापि या काळात घरांच्या किमती भडकल्या होत्या आणि राज्याच्या तिजोरीत शिल्लक साठली होती. शिवाय मॅसॅच्युसेट्सने असा न्यायनिर्णय नसतानाही १९८० मध्ये कर रोखलाच. कारणांपैकी एक कारण हेच सर्वस्व मानण्याचा मोह येथे आवरलेला दिसत नाही.

याहून गंभीर उणीव निराळीच आहे. सवलतीचा लाभ कोणास झाला, याकडे या विवेचनात पुरेसे लक्ष नाही. नव्या नियमाने कर मूल्याच्या एक टक्क्यावर आला आणि आकारणीतील वार्षिक वाढ दोन टक्क्यांवर थांबली. विक्री झाल्यावाचून फेरआकारणी नाही. परिणामी शेजारशेजारच्या सारख्या घरांच्या करांत मोठी तफावत पडते. नॉर्डलिंगर खटल्यात १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैधही ठरविली. शाळांच्या खर्चाची सूत्रे राज्याकडे गेली. जिल्ह्याजिल्ह्यांतील अंतर घटले, हे खरे. पण राज्याचा दर विद्यार्थ्यामागील खर्च पुढे देशाच्या सरासरीच्या तुलनेत घसरत गेला. ज्या मोजक्या जिल्ह्यांचा मालमत्ता-कर राज्याने ठरविलेल्या रकमेहून अधिक भरतो, ते तो आधिक्याचा पैसा आजही स्वतःकडेच ठेवतात. सधन वस्त्यांतील पालक तर देणग्या गोळा करून आपल्या शाळांना वेगळा निधी पुरवितात.