संगणकाचा गंधार आणि तानपुऱ्याचा

संगीत लिहिण्यासाठी आणि रियाजासाठी संगणकावर आज अनेक आज्ञावल्या मिळतात. शाळेसाठी त्यांतली एखादी निवडताना किंमत आणि सोयी पाहिल्या जातात. आमच्या मते आणखी एक गोष्ट तपासायला हवी. ती आज्ञावली 'स्वर' कशाला म्हणते? म्युझस्कोर आणि ऑडॅसिटी या दोन मोफत आज्ञावल्या घेऊन हे पाहू.

म्युझस्कोर ही स्वरलेखनाची आज्ञावली. पाश्चात्त्य पद्धतीच्या पाच रेघांवर स्वर मांडले, की संगणक ते वाजवून दाखवतो. समूहगीत मुलांना उंच जात असेल, तर सगळी चाल एका आज्ञेत खालच्या पट्टीत आणता येते. गाणे बसवणाऱ्या शिक्षकांना ही मोठीच सोय आहे.

पण ती वाजवते कोणते स्वर? सप्तकाचे बारा समान भाग पाडून येणारे. यात प्रत्येक स्वराची कंप्रता आधीच्या स्वराच्या सुमारे १.०५९५ पट असते. षड्ज २४० हर्ट्झ धरला, तर शुद्ध गंधार चार पायऱ्या वर, म्हणजे ३०२.४ हर्ट्झवर येतो. तानपुरा मात्र वेगळे सांगतो. खर्जाच्या १२० हर्ट्झच्या तारेतून पाचपट कंप्रतेचा, म्हणजे ६०० हर्ट्झचा स्वरही उमटतो. हाच स्वयंभू गंधार. तो एक सप्तक खाली आणला, की ३०० हर्ट्झ. दोन्ही गंधारांत सुमारे १४ सेंटचे अंतर पडते. (लगतच्या दोन समान स्वरांतले अंतर १०० सेंट असते.)

हा फरक किरकोळ नव्हे. पेटीच्या एखाद्या पट्टीत तानपुरा लावून एखादी विद्यार्थिनी त्याच्याशी गंधार मिळवते. मोबाइलवरचा साधा ट्यूनर याच बारा समान स्वरांवर बेतलेला असल्याने तिचा गंधार उतरला असे दाखवतो. मग ती काट्याकडे पाहून मिळालेला स्वर चढवू लागते! म्युझस्कोरमध्ये एकेक स्वर सेंटने हलवता येतो. पण अख्ख्या बंदिशीसाठी ते कोण करत बसणार?

मींडेचेही तसेच. म्युझस्कोर दोन स्वरांमध्ये रेघ काढते, भातखंडे लिपीत स्वरांवर कमान असते. मधली वाट दोन्हीत कळत नाही. मात्र कागदावरची लिपी मुकी असल्याने वाचणाऱ्याला गुरूकडे जावेच लागते. संगणकावरची लिपी आपणहून वाजते आणि विद्यार्थी तिलाच प्रमाण मानतो. आमचा मुख्य आक्षेप इथे आहे.

ऑडॅसिटी २००० सालापासून उपलब्ध आहे. ती स्वर लिहीत नाही. पण मुद्रित गाण्याचा निवडलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवते, सूर न बदलता लय कमी करते आणि वर्णपटात मींड वळणदार रेषेने दाखवते. बरोबर काय, हे ती कानावर सोपवते. तिलाही मर्यादा आहेत. लय फार कमी केली तर आवाज विस्कटतो, आणि साथीच्या वाद्यांमुळे वर्णपटात रेषांची गर्दी होते. तरीही रियाजासाठी आमची पसंती हिलाच.

लेखनासाठी म्युझस्कोर जरूर वापरावी. मात्र लिहिलेले म्युझिकएक्सएमएल या सामायिक स्वरूपातही साठवावे. १९८८ पासूनच्या फिनाले या नामांकित आज्ञावलीचा विकास तिच्या कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये थांबवला. फक्त तिच्याच स्वरूपात संगीत साठवणाऱ्यांना ते आता दुसरीकडे हलवावे लागते.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. ऑडॅसिटीत ३०० आणि ३०२.४ हर्ट्झचे दोन स्वर वेगवेगळ्या पट्ट्यांवर तयार करा, दोन्हींचा आयाम ०.४ ठेवा आणि एकत्र वाजवा. पाच सेकंदांत बारा वेळा आवाज लहानमोठा होईल. हे विस्पंद म्हणजेच दोन गंधारांतला फरक. तो मुलांच्या कानांना कळला, की ट्यूनर बाजूला ठेवून तानपुऱ्यावर गंधार लावायला सांगा.